ग्रेडर साहेबांची बिनपगारी नोकरी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दारव्ह्याच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकातली लाकडी खुर्ची गेल्या महिन्यापासून रिकामी आहे. राज्यकारभार ठप्प झालेला नाही, हे मला मान्य आहे. पण त्या खुर्चीत माझे नानामामा बसत, आणि ते गेल्याचा फोन आल्यापासून मी नुसता थकलो आहे... शोक करायलाही अंगात जोर लागतो.

मामा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, डोळे बारीक करायचे आणि धाग्याची लांबी सांगायची. सगळा गाव त्यांना ग्रेडर साहेब म्हणे. ते निवृत्त झाले, त्याच सुमाराला सरकारी खरेदीही आटली. व्यापारी सगळ्या गाड्यांना सरसकट एकच भाव पुकारू लागले. धाग्याची विचारपूस संपली. तरी मामा रोज इस्त्रीचा शर्ट घालून ओळखीच्या जिनिंगवर जात, फाटकात बसून गाडीवरचा कापूस ओढून पाहत आणि शेतकऱ्याला त्याची प्रत सांगत. भाव त्याने बदलत नसे. पण आपला माल चांगला आहे हे ऐकून माणूस जरा ताठ होऊन आत जाई.

हे बंद पाडलं मी. उन्हाचं निमित्त काढलं, मामांना बसू देऊ नका असं जिनिंगच्या मालकाला परस्पर सांगितलं आणि मामांच्या घरी येऊन थाटात म्हणालो, "मामा, आता आराम करा न जी." शाल-श्रीफळ तेवढं द्यायचं राहिलं.

मामांनी आराम केला. म्हणजे दाढी सोडली, जेवण अर्ध्यावर आणलं आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मामी म्हणाली, "अहो, बोलत काहून नाही तुम्ही?"

"बोलाले काही दिसलं तं पाहिजे," मामा म्हणाले.

यवतमाळच्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "यांचं काम कोणी काढून घेतलं?" मी छताचा पंखा न्याहाळत बसलो.

गोळ्यांनी झोप लागली. उरलेलं किसनने केलं. किसन जिनिंगवरचा जुना हमाल. एका सकाळी तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, चला. तुमच्याबिगर गाड्या तशाच आत जाऊन राह्यल्या." गाड्यांना कुणाचीच गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. मामा उठले. दाढी करताना गालावर दोन ठिकाणी रक्त आलं. तसेच जिनिंगवर गेले. पुढचे तीन हंगाम किसन शेजारी उकिडवा बसून त्यांचं कापूस ओढणं बघत राहिला, आणि मी आराम हा शब्द परत काढला नाही.

गेल्या महिन्यात मामा सकाळी चहा घेता घेता गेले. तिरडी बांधून झाली. नाकात घालायला कापूस हवा होता, म्हणून शेजाऱ्याने घाईघाईत आपल्या ओसरीवरच्या पोत्यातून बोळा काढून आणला. किसनने तो हातात घेतला, दोन अंगठ्यांत धरून ओढला. धागा लगेच तुटला. भरल्या अंगणात, मामी शेजारी बसलेली असताना, तो बोलून गेला, "अरे, हा शेवटच्या वेच्याचा हाय, हलका. साहेब नापास करतीन याले."