लेन्सच्या आतले ठिपके

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा.

कॉलेजातल्या सरांनी दिलेली कॅमेऱ्याची जुनी लेन्स आज टॉर्चसमोर धरली. आत काचेच्या कडेला पांढरे ठिपके दिसले आणि मी घाबरलो. सर हसले, "अरे, काचेच्या कडेला लावलेला काळा रंग सुटलाय, म्हणून तिथं पांढरं दिसतंय. टॉर्च लावलास तर कुठलीही जुनी लेन्स आजारीच दिसेल. फोटोत काही येत नाही."

मला मात्र आबा, माझे वडील, दिसत होते. खाणीत दगड फोडणाऱ्या आबांच्या छातीच्या एक्स-रेत काल डाग निघाला होता. तो कसला, ते डॉक्टर आज सांगणार होते. माणसाच्या आतलेही काही डाग नुसते वयाचे असतील का?

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, डाग जुनाच आहे म्हणे, भिण्यासारखं नाही. आबा विडी मागतायत!"