एक टोपी, दोन डोकी

कासीम गेल्याचं त्याच्या थोरल्या मुलानं दारात उभं राहून सांगितलं. "काका, अब्बा गेले. अम्मी म्हणाली, तुमच्या कानावर घालून ये." बस म्हटलं तर बसला नाही, त्याला अजून दोन घरं करायची होती. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. कासीमवर लेख लिहावा असं मोठं काही त्यानं केलेलं नाही. तेर गावात आयुष्यभर कापूस पिंजला, लोकांच्या गाद्या भरल्या आणि गेला. लिहायचं आहे ते खरं तर माझ्याबद्दल… पण त्याला सोडून ते सांगता येत नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. तिकडं जर्मनीशी लढाई चालू होती, बाजारात कापड मिळत नव्हतं आणि सरकारी लेव्हीची माणसं खळ्यावरूनच ज्वारी उचलून नेत होती. आमचं घर लिंगायत वाण्याचं, किराणा दुकान. लेव्ही असो, लढाई असो, माझ्या ताटात भाकरी आणि भाकरीवर तूप असायचंच. कासीमचा आणि माझा वर्गसोबती दौलत मराठ्याचा. बाप पटकीत गेला, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. कासीमचा बाप जिवंत होता, पण कापसाचं तूस छातीत बसून बसून नुसता खोकायचा. राज्य मुसलमानाचं, मग तुम्हाला काय कमी, असं गावात कुणी म्हणालं की कासीमची आई हात ओवाळून सांगायची, "हौ ना! रोज हैदराबादसे थाल आताय हमारे घरकू!" दौलतची आई रानातून अंबाडीची भाजी आणायची आणि निम्मी कासीमच्या दारात टाकायची. दोन्ही घरांत पोरांची पोटं पुढं आलेली, पाय काटकुळे. कोणतं पोर कोणाचं हे नाव विचारल्याशिवाय कळलं नसतं. माझं मात्र लांबूनच कळायचं, कारण मी गुटगुटीत होतो.

शाळेत उघड्या डोक्यानं बसता यायचं नाही. ती बेअदबी. मास्तर शिकवायचे उर्दूत, पण मार खाताना आम्ही सगळे मराठीतच ओरडायचो. कासीम आणि दौलत या दोघांत मिळून टोपी एकच होती, दौलतच्या बापाची, काळी. सकाळी ती कासीमच्या डोक्यावर, कारण तेव्हा दौलत शेरडं राखायचा. मधल्या सुट्टीत विहिरीमागं टोपीची अदलाबदल व्हायची आणि दौलत वर्गात यायचा, कासीम बापाच्या हाताखाली कापूस पिंजायला जायचा. कासीमला ती ठीक बसायची, दौलतच्या कानांवर उतरायची. सकाळी हिशेब, दुपारी वाचन. संध्याकाळी तेरणेच्या वाळूत बसून एकानं दुसऱ्याला आपला अर्धा दिवस शिकवायचा. मास्तर एरवी कडक, पण हजेरीत दोघांनाही पूर्ण दिवस हजर मांडायचे. आणि गंमत बघा, दिवसभर टोपी घालून बसणाऱ्या मला जे यायचं नाही ते या दोघांना यायचं. हिशेबात तर कासीमच्या जवळपास कोणी नव्हतं. मला त्याचा राग यायचा. साफ सांगतो, जळायचो मी.

चौथीच्या परीक्षेला धाराशिवहून साहेब येणार होते. पास झालेल्यांना पुढं धाराशिवच्या शाळेत जाता यायचं, नाहीतर शिक्षण तिथंच संपलं. आता मात्र दोघांना एकाच वेळी वर्गात बसायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी दोघं आमच्या दुकानापुढं आले. कासीम म्हणाला, "शिवा, एखादी टोपी हाय का रं? उद्यापुरती. धुऊन आणून देतो."

माझ्याकडं रोजची टोपी होती आणि ट्रंकेत मामाच्या लग्नातली जरीची होती. मी म्हणालो, "न्हाय रं. एकच हाय."

आई आत होती. तिला विचारायला दहा पावलंसुद्धा नव्हती, आणि ती नाही म्हणाली असती असं मला आजही वाटत नाही. मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कासीमनं टोपी दौलतला दिली आणि स्वतः बापाचा पंचा डोक्याला गुंडाळून आला. पंच्याला जागोजागी कापूस चिकटलेला. पोरं हसली. साहेबांनी मान वर केली. "ये क्या लपेटके आया? बाहर जाओ. टोपी पहनके आओ." कासीमनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तो निघून गेला. मास्तर काहीतरी बोलायला उठले आणि खाली बसले. दौलत पास झाला. हिशेबात पहिला नंबर माझा आला, दुकानात गूळ-खोबरं वाटलं. मी पुढं शिकून मास्तर झालो, दौलतला पोस्टात नोकरी लागली. कासीमनं त्याच आठवड्यापासून बापाची कापूस पिंजायची धनुकली पूर्णवेळ हातात घेतली.

पुढं साठ वर्षं तो आमच्या घरी गाद्या पिंजायला येत राहिला. दरवेळी मला वाटायचं, आज सांगावं. चहा व्हायचा, पानसुपारी व्हायची, सांगणं राहून जायचं. गेल्या दिवाळीआधी तो अंगणात बसला होता, धनुकलीची तार वाजत होती, आणि मी एकदाचं बोलून टाकलं. "कासीम, त्या दिवशी माझ्याकडं दुसरी टोपी होती."

तारेवरचा हात थांबला नाही. "ठावं हाय की. जरीची. तुझ्या मामाच्या लग्नात बघितली व्हती म्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"म्हनलं, कवातरी तूच सांगशील…" तो जरा खोकला. "लई येळ लावलास गड्या."

एवढंच. पुढं त्यानं पाणी मागितलं.

त्यानं त्या दिवशी भरलेल्या गादीवर मी झोपतो. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, अर्धवट काम करून उठून गेला असता, तर मला सोपं गेलं असतं. रोज अंथरुणावर पडलो की गादीवरून हात फिरवून बघतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कापसाची एकही गुठळी सापडत नाही.