पाहुणा वर्ग

एकोणीसशे बासष्टच्या ऑगस्टमध्ये ग्रँडबेरीबाई घरोघर फिरत होत्या. मिल्वॉकी शहराच्या उत्तरेकडच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत तेव्हा टॅनरी स्ट्रीटची एकच शाळा होती. तिच्यात मुलं इतकी कोंबलेली, की दोन वर्ग जिन्याखाली भरायचे. आता शहराच्या शाळा-बोर्डाने ठरवलं होतं, की पाचवी ‘ब’चा अख्खा वर्ग, बाईंसकट, रोज बसने नदीपलीकडच्या लिंडनवुड शाळेत न्यायचा. तिकडे गोऱ्यांची वस्ती, मुलं कमी आणि खोल्या रिकाम्या.

“वाचनालय आहे,” बाई प्रत्येक दारात सांगायच्या. “खोलीभर पुस्तकं. व्यायामाचा हॉल आहे, गाण्याची वेगळी खोली आहे.”

क्लिओटा बायसची आई लुरीन लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. ती दारात उभी राहून ऐकत होती. “ते सगळं खरं हो बाई. पण ती पोरं आमच्या पोरींना शेजारी बसू देतील का?”

“बसू देणारे ते कोण? बाक सरकारी आहे, लुरीन.”

“बाक सरकारी, पण कोपर त्यांचंच ना?”

बाई हसल्या, पण त्यांना ते बोलणं आवडलं नाही. त्या दक्षिणेत, आर्कान्सामध्ये वाढलेल्या. तिकडे काळ्या मुलांची शाळा कापूस खुरपायला बंद व्हायची आणि वेचायला पुन्हा बंद व्हायची. मधल्या दिवसांत चर्चच्या बाकांवर तीन इयत्ता एका बाईपुढे बसायच्या. त्यातून ओव्हेटा ग्रँडबेरी शिकली, उत्तरेत आली, कारखान्यात बाटल्या भरत भरत कॉलेज पुरं केलं आणि शिक्षिका झाली. उत्तरेत दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते, हे तिचं आवडतं वाक्य. अडतिसाव्या वर्षीही ते तिला खरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी चौतीस मुलं टॅनरी स्ट्रीटच्या फाटकाशी उभी राहिली. पोरींच्या केसांत नव्या रिबिनी, मुलांच्या पँटींना चाकूसारखी इस्त्री. साडेआठला आपल्या शाळेत हजेरी झाली, नऊला बस सुटली, साडेनऊला लिंडनवुड आली. तिथले वर्ग कधीच सुरू झाले होते. हेडमास्तर व्होल्बर्ग दारात उभे होते. उंच, हसतमुख माणूस. त्यांनी मागच्या दाराने सगळ्यांना तळघरातल्या शेवटच्या खोलीत नेलं. खोली चांगली होती, फळा नवा होता.

“दोनतीन गोष्टी सांगतो,” ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले. “तुमचा वर्ग हा तुमच्याच शाळेचा वर्ग. आमच्याकडे तुम्ही पाहुणे. स्वच्छतागृह दहा वीसला, आमची मुलं वर्गात असताना. उगाच गर्दी नको. खेळायची सुट्टी आमची मुलं आत आल्यावर. आणि जेवायला तुमची बस सव्वाअकराला येईल.”

“जेवायला? कुठे?”

“तुमच्या शाळेत. मग पाऊण वाजता पुन्हा इकडे.”

“तुमच्याकडे जेवणघर आहे ना?”

“आहे,” व्होल्बर्ग म्हणाले. “आमच्या मुलांना पुरेल एवढं.”

सव्वाअकराला मुलं बसमध्ये चढली, आपल्या शाळेत जाऊन शेंगा आणि मक्याचा पाव खाऊन आली, पुन्हा बसमध्ये चढली. अडीचला पुन्हा परत. साडेसहा तासांच्या शाळेतले दोन तास रस्त्यात. वरच्या खिडक्यांतून गोरी मुलं त्यांचं येणं-जाणं बघत, दिवसातून चारदा.

आल्व्हेस्टर नावाचा एक वात्रट मुलगा होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बाई, आपण पाहुणे ना? मग पाहुण्यांना जेवायला घालत नाहीत होय?”

सगळा वर्ग हसला. क्लिओटा मात्र हसली नाही. ती बारीक चणीची, गंभीर मुलगी होती. तिने विचारलं, “बाई, वाचनालय कधी?”

बाई वाचनालयाकडे गेल्या. तिथल्या बाईने फार दिलगिरीने सांगितलं, की कार्ड फक्त शाळेच्या पटावरच्या मुलांना मिळतं. दारातून बघायला काही हरकत नाही.

दुसरी कोणी असती तर तेव्हाच भांडली असती, नाहीतर गप्प बसली असती. ग्रँडबेरीबाईंनी बसचाच वर्ग केला. खडबडत्या रस्त्यावर लिहिता येत नाही, म्हणून स्पेलिंग. बाई पुढे दांडा धरून उभ्या राहायच्या आणि शब्द फेकायच्या. मुलं ओरडून अक्षरं सांगायची. बसचालक स्टॅनेक पोलिश होता. पहिले आठ दिवस तो वैतागला. नवव्या दिवशी सिग्नलला मागे वळून म्हणाला, “ओ मास्तरीणबाई, तो मघाचा शब्द पुन्हा सांगा. मला वाटलं त्यात दोन एल असतात.”

ख्रिसमसपर्यंत क्लिओटाला हरवणारं बसमध्ये कोणी उरलं नाही. नंतर बाईंना स्वतःलाच शब्दकोश चाळून यावं लागे.

फेब्रुवारीत शहराची स्पेलिंगची स्पर्धा असायची. प्रत्येक शाळेने एक मूल पाठवायचं. बाईंनी क्लिओटाचं नाव लिहिलं आणि व्होल्बर्गांकडे नेलं.

“छान,” ते म्हणाले. “पण ही आमच्या पटावर नाही. तुमच्या शाळेतून पाठवा.”

टॅनरी स्ट्रीटच्या हेडबाई केस्लर निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी चष्मा पुसला. “अगं ओव्हेटा, आमची निवड मंगळवारी दोन वाजता झाली. सहावीतला एक मुलगा निवडला.”

“मंगळवारी दोन वाजता आम्ही तिकडे होतो.”

“हो ना. म्हणून तर तुमच्या वर्गाला कळवलं नाही.”

बाई बोर्डाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने अर्ज दिला. ‘शाळेचं नाव’ या रकान्यात बाईंनी दोन्ही नावं लिहिली. चार दिवसांनी अर्ज परत आला: एकच शाळा लिहावी. एक लिहिली तर कचेरी म्हणे दुसरीला विचारा, दुसरी लिहिली तर पहिलीला. तिसऱ्या खेपेला तो माणूस शांतपणे म्हणाला, “मिस ग्रँडबेरी, या मुलांना आम्ही एवढी चांगली संधी दिली. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर आभार मानले असते.”

त्या दिवशी बसमध्ये बाईंनी शब्द विचारले नाहीत. मुलांनीही मागितले नाहीत. स्टॅनेकने एकदोनदा आरशात पाहिलं.

गुरुवारी लिंडनवुडची स्वतःची निवड होती, वरच्या मोठ्या हॉलमध्ये. बाईंनी कोणाला विचारलं नाही. दोन वाजता त्यांनी चौतीस मुलं रांगेत उभी केली, तळघरातून जिना चढल्या, आणि हॉलच्या मागच्या भिंतीशी सगळ्यांना उभं केलं. व्होल्बर्ग व्यासपीठावर होते. त्यांनी पाहिलं आणि पुढचा शब्द वाचला.

“नेसेसरी.”

व्यासपीठावरच्या मुलाने दोन सी घातले. घंटी वाजली. पुढच्या मुलीने एकच सी घातला, पण एसही एकच. पुन्हा घंटी. बाईंनी क्लिओटाकडे पाहिलं आणि मान हलवली. क्लिओटा भिंतीपासून एक पाऊल पुढे आली. हात शिवणीला चिकटवून, बसमध्ये बोलायची तसं, एकेक अक्षर सुटं करत तिने शब्द सांगितला. सी एक, एस दोन.

हॉलभर माना मागे वळल्या. कोणीतरी नकळत टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. व्होल्बर्ग म्हणाले, “आभारी आहे. पुढचा शब्द.”

तोही व्यासपीठावर चुकला. बाईंनी पुन्हा मान हलवली. क्लिओटाने तोही सांगितला. तिसराही. चौथ्याला व्होल्बर्ग व्यासपीठावरून उतरले, सगळ्या रांगा ओलांडून मागे आले आणि बाईंच्या कानाशी म्हणाले, “तुमची बस आली आहे.”

बस यायला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं पाचवी ‘ब’ फुटपाथवर बर्फात उभी राहिली. लिंडनवुडकडून एका दंतवैद्याची मुलगी स्पर्धेला गेली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली, असं मागाहून कळलं.

आठवड्याभरात बाईंना बोर्डाचं पत्र आलं: शिस्तभंग. जूनमध्ये त्यांचा वर्ग काढून घेतला. पुढची सहा वर्षं त्या बदली शिक्षिका होत्या, आज या शाळेत तर उद्या त्या. सकाळी फोन वाजेपर्यंत आज कुठे जायचं ते ठाऊक नसायचं. पाचवी ‘ब’ मात्र सहावी ‘ब’ झाली आणि नव्या बाईंबरोबर त्याच बसने त्याच तळघरात जात राहिली.

बाईंनी लग्न केलं नाही. चर्चमध्ये रविवारी जेवणं झाली, तळलेल्या माशांचे काटे ताटांत उरले, की कोणीतरी म्हणायचं, “बाई, ती नेसेसरीची गोष्ट सांगा.” मग बाई उभ्या राहायच्या. व्होल्बर्गांचा चेहरा करायच्या, क्लिओटाचं ते एक पाऊल टाकून दाखवायच्या. “एवढीशी पोर!” त्या म्हणायच्या. “आणि अख्खा हॉल गप्प!” म्हाताऱ्या बायका मांडीवर थापा मारायच्या. सोळा वर्षं ही गोष्ट चालली. बोर्डाने दिलेली प्रत्येक चपराक बाईंनी त्या एका गोष्टीवर सोसली.

दरम्यान कोर्टाचा निकाल लागला, आणि शाळांतून काळी-गोरी मुलं मिसळायचं ठरलं. मिसळायची म्हणजे आमचीच मुलं बसमध्ये घालून सगळीकडे पांगवायची. टॅनरी स्ट्रीटची शाळा मात्र रंगवून, नवं छप्पर घालून सुरेख केली. तिथे फ्रेंच शिकवू लागले. गोऱ्या मुलांनी आपणहून इकडे यावं म्हणून निम्म्या जागा त्यांना राखल्या. उरलेल्यांसाठी वस्तीतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकायच्या.

एकोणऐंशीत बाईंचा गुडघा गेला. इस्पितळात नाव लिहायच्या खिडकीशी एक तरुण बाई बसली होती. तिने नाव विचारलं, आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

“ग्रँडबेरीबाई?”

“क्लिओटा! अगं, किती मोठी झालीस!” बाईंना भरून आलं. शेजारच्या खिडकीतल्या कारकूनबाईला त्या म्हणाल्या, “अहो, ही कोण माहितीय तुम्हाला? ही माझी क्लिओटा. पाचवीत होती, एवढीशी, आणि हिने...”

“बाई, ती गोष्ट नको.”

“अगं लाजतेस काय?”

“लाजत नाही.” क्लिओटाने पेन खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्या मावशीच्या चर्चमध्ये तुम्ही सांगता, ते मला माहीत आहे. तीही हसते. तिला माहीत नाही, बोर्डाच्या त्या पत्राची एक प्रत आमच्याही घरी आली होती. पुन्हा असं झालं तर मुलीचं नाव काढू म्हणून. आईने मला पट्ट्याने मारलं. इस्त्रीच्या दुकानात उभी राहून पाय सुजायचे तिचे, तरी मारलं.”

“मला कोणी सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही कुठे होतात सांगायला? जूनमध्ये तुम्ही गेलात. मी त्याच खोलीत होते. नव्या बाई रोज सकाळी म्हणायच्या, आज तरी आपल्या विदुषी गप्प बसतील ना? पोरंही तेच म्हणायला लागली. त्यानंतर मी हात वर केला नाही, बाई. येत असलं तरी नाही. बारावीपर्यंत.”

बाईंच्या मागे रांग वाढत होती. एक म्हातारा काठी आपटत होता.

“मला वाटलं होतं, तुला आवडलं,” बाई कशाबशा म्हणाल्या. “तू किती ताठ उभी होतीस.”

“मी घाबरले होते. तुम्ही मान हलवली म्हणून पुढे झाले. दहा वर्षांची होते मी. बोर्डाला काही सांगायचं होतं, तर तुम्ही सांगायचं होतं. उभं राहायचं होतं, तर तुम्ही राहायचं होतं.”

बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. गुडघ्याची कळ त्यांना जाणवत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “मुलंबाळं?”

“एक मुलगी. निशेल. सहा वर्षांची.” क्लिओटा पुन्हा लिहू लागली. “टॅनरी स्ट्रीटच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहतो आम्ही. चिठ्ठी निघाली नाही. सकाळी सहा चाळीसला बस असते तिची.”

“मी बोर्डाला पत्र लिहिते. तिचं नाव देऊन...”

“तिचं नाव नको,” क्लिओटा चटकन म्हणाली. मग जरा हळू, “हा कागद घ्या. तिसरी खोली. डॉक्टर बोलावतील.”

बाई जाऊन बाकावर बसल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांना घरी आल्यावर आठवेना.

मार्चमध्ये बोर्डाची जाहीर सभा होती. ग्रँडबेरीबाईंनी बोलणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव दिलं. काठी टेकत पुढे गेल्या. दोन गल्ल्यांवरची शाळा सोडून सहा वर्षांची मुलं अंधारात बसची वाट का बघतात, एवढंच त्यांनी विचारलं. कोणत्या मुलाचं नाव घेतलं नाही, जुनी गोष्ट सांगितली नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. तिसरं संपताच माइक बंद झाला. अध्यक्षांनी त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार मानले आणि छपराच्या कंत्राटाचा विषय घेतला.

चर्चमधल्या बायका पुढेही कितीदा म्हणाल्या, “बाई, सांगा ना.” बाई ताटं गोळा करायला उठायच्या. त्या आणखी अकरा वर्षं जगल्या. निशेल पाचवी संपेपर्यंत बसनेच गेली.