गोरा करून दिलेला फोटो

पावडरचा वास आला की मला देवरीचा तो फोटो स्टुडिओ आठवतो. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिलीच पदवी, म्हणून आई मला हौसेने फोटो काढायला घेऊन गेली होती. लहानपणापासून फोटो म्हटले की कुणीतरी "काळी" म्हणून हसायचे, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर माझी मान आपोआप खाली जायची. स्टुडिओवाल्याने मला स्टुडिओतलाच काळा गाऊन चढवला, न विचारता गालांवर पावडर थापली आणि वर कॉम्प्युटरवर मला गोरीपान करून फोटो हातात दिला. आई बघतच राहिली. "हे कोनाची पोरगी होय जी?" तो हसला, "अरे मौसी, आपकी ही है. अब रिश्ता जल्दी आएगा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अभ्यास मी करायचा आणि पदवी दुसऱ्याच तोंडाला? बाहेरच्या नळावर चेहरा खसाखसा धुऊन मी परत स्टुलावर बसले. "आता काढा, आन् रंगाले हात लावू नका!" या वेळी मान खाली गेली नाही, सरळ कॅमेऱ्यात बघितले. त्या फोटोत मी चांगलीच रागावलेली दिसते, आणि आजही तो पाहिला की वाटते, त्याला आणखी चार शब्द सुनवायला हवे होते.