क्षितिजाचा तिसावा सामना

पोरगी हरत राहिली तर आमच्याकडं तिला कुणी विचारत नाही. जिंकायला लागली की मात्र सगळे मोजायला बसतात. चांदे गावच्या क्षितिजा ढमालेचं तेच झालं, आणि मोजायला लावणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको.

दोन वर्षांमागं तिच्या वडलांनी, हैबतरावांनी, तिचं खेळणं बंद करायचं काढलं होतं. मुठा गावचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. क्षितिजा कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. तिला बी.पी.एड. करून शाळेत खेळाची बाई व्हायचं होतं. पोरींसाठी मी गावोगाव भांडत फिरते हे ठाऊक होतं, म्हणून ती माझ्याकडं आली. मी तरातरा त्यांच्या ओट्यावर गेले. हैबतराव जुना पैलवान, जत्रेच्या आखाड्यात वाढलेला. त्याला कायदा सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "दादा, पोरगी सलग अकरा सामने जिंकलीय. जिंकतीय तोवर तरी राहू द्या. न हरणाऱ्या पैलवानाला कुणी आखाड्यातून ओढून काढतं का?"

तो हसला. "बरं बोलताय, साधनाताई. जवर जिंकतीय तवर कुणी बघाया येणार न्हाई. माजा शब्द. पण कुस्ती निकाली पायजे, समोरासमोर लढून. पडली त्या दिशी बूट ठेवायचं."

काय डोकं चालवलं मी! आठ दिवस माझीच मला पाठ थोपटावीशी वाटत होती.

अकराचे एकोणतीस झाले. पेपरात फोटो आला. लोक मला विचारायचे, एवढं सलग जिंकल्यानं पोरींचा आत्मविश्वास वाढत असेल, नाही? कसला वाढतोय! सामन्याच्या सकाळी क्षितिजाला उलट्या व्हायच्या. घोटा सुजलेला असला तरी टीमचे कोच शेखर सर तिला बाकावर बसवायचे नाहीत, कारण प्राचार्यांना आकडा हवा होता. आणि बाकावरच्या पोरींना कधी उतरवायचेच नाहीत. उगाच धोका कशाला? टीमची रेश्मा एकदा घाम पुसत म्हणाली, "क्षिते, आमी बास्केट टाकतोय का तुज्या अक्षता अडवतोय?" सगळ्या खदाखदा हसल्या. क्षितिजाही हसली, पण सगळ्यांच्या शेवटी.

तिसावा सामना म्हणजे स्पर्धेची फायनल. हा एक निघाला की पुढची स्पर्धा बी.पी.एड.च्या प्रवेश परीक्षेनंतर होती. परीक्षा तीन आठवड्यांवर. एकदा नाव लागलं असतं, तर पुढचं मी बघून घेतलं असतं.

समोरची टीम आली चौघींची. दोघींची प्रॅक्टिकल परीक्षा निघाली होती, बदली कुणी नव्हतं. पाच जणी नसतील तर सामना सुरूच करता येत नाही. पंचांनी घड्याळ बघितलं, पंधरा मिनिटं थांबले, आणि कागदावर लिहिलं: पुढे चाल. म्हणजे समोर कुणी नाही, तुम्ही जिंकलात. कॉलेजच्या पोरांनी ढोल सुरू केला.

हैबतराव कंपाउंडला टेकून उभा होता. म्हणाला, "ही काय निकाली न्हाई."

"दादा, नियम आहे. जिंकल्या त्या."

"जोडीदार आखाड्यात उतरलाच न्हाई तर गुलाल कशाचा?"

"मग हरली पण नाही ना!"

"हरली न्हाई, जिकली बी न्हाई. शब्द जिकतीय तवरचा व्हता, ताई. तुमीच मागितलावता."

माझं डोकं सणकलं. चार माणसांत मी त्याला नको ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं, पण जागचा हलला नाही. क्षितिजानं हे सगळं ऐकलं होतं. ती सरळ समोरच्या कॅप्टनकडं गेली. मुनीरा तिचं नाव, पौडची.

"खेळता का? असंच. मैत्रीत."

"चौघी हाय आमी. डोळं फुटलं का तुजं?"

"पाचवी आमची घ्या."

मुनीरानं बाकाकडं बघितलं. "ती लांब हातांची दे मग."

ती स्वरदा. दोन वर्षं जर्सी घालून पाण्याच्या बाटल्या भरणारी. शेखर सर ओरडले, ढोलवाले थांबले. क्षितिजानं कुणाचं ऐकलं नाही. तिला बापाच्या डोळ्यांदेखत एक खरी जीत हवी होती.

स्वरदा उतरली आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं तिनं त्या चाळीस मिनिटांत काढलं. कुणाला उजवीकडून जायची सवय, कोण दमलं की हात खाली टाकतं, बाकावर बसून तिनं सगळं पाठ केलेलं. क्षितिजाचा प्रत्येक रस्ता तिनं बंद केला. मी कडेनं ओरडत होते, "स्वरदे, अगं सोड की!" आयुष्यभर पोरींना खेळू द्या म्हणणारी मी, आणि एका पोरीला खेळू नको म्हणत होते.

एकेचाळीस-अडतीस. हरल्या.

हैबतराव कंपाउंड सोडून पुढं आला. पोरीजवळ जाऊन त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाजात रागाचा लवलेश नाही. "झाली निकाली. चल घरी."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटावर फ्लेक्स लागला: सलग तीस सामने अजेय. पंचांच्या कागदावर पुढे चाल होती ना! फ्लेक्सवर मधोमध क्षितिजा, हात उंचावलेली. मी त्याचा फोटो काढून हैबतरावाला दाखवला. म्हटलं, बघा, दप्तरात जिंकलीय. तो म्हणाला, "दप्तर तुमचं. मी हजर व्हतो."

मुठ्याचे पाहुणे त्याच आठवड्यात आले. पोराच्या काकानं फ्लेक्स बघितला होता. कौतुकानं म्हणाला, "सून तीस सामने हरली न्हाई म्हणं!"

"एकोणतीस," हैबतराव म्हणाला. "तिसावा हरली." खोटं बोलून सोयरीक करणारा माणूस नव्हता तो. मी दाराशी उभी होते. त्या खरेपणावर थुंकावंसं वाटलं.

"मंग आता पुन्हा खेळायचं हाय का?" काकानं विचारलं.

क्षितिजा न्हाई म्हणाली. कुणी धमकावलं नव्हतं. तिनंच म्हटलं.

परीक्षेच्या रविवारी तिचा साखरपुडा झाला. मी गेले नाही. सकाळी नऊ वाजता परीक्षा केंद्राबाहेर जाऊन उभी राहिले, कशासाठी ते मलाही माहीत नाही. गेट बंद झालं. वॉचमननं विचारलं, "बाई, तुमचं कोण आत हाय का?"

"न्हाई," म्हटलं, आणि गाडीला किक मारली.