शकुनबाईंचा शांत वर्ग

माझ्या शिक्षणाची सुरुवात झोपेत झाली, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू द्या. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून जवळच एका देवळाच्या ओसरीत बालवर्ग निघाला होता. मी चार वर्षांची, त्या वर्गात होते आणि पहिले काही आठवडे खरोखरच झोपेत होते. त्यामुळे पुढचं सगळं माझी माय माणिकबाई आणि आमच्या शकुनबाई या दोघींकडून ऐकलेलं आहे. दोघींचं आपसांत फारसं जुळत नसे, पण या गोष्टीत दोघींची साक्ष एकच आहे.

ते दिवस मध्यप्रांत-वऱ्हाडाचे. सरकार नागपुरात आणि आमच्याकडे राज्य कापसाचं. दिवाळी झाली की जिनांचे, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, भोंगे सुरू व्हायचे आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया सरकी-रुईच्या धुळीत दिवस काढायच्या.

शकुनबाई तिवशाच्या. वडील गोवर्धन माळी, नागपूर रस्त्याच्या कडेला त्यांचा फुलांचा मळा. मुलगी मराठी सातवी पास झाली तेव्हा गावात कौतुक झालं, सासरी मात्र ते महागात पडलं. पोथी वाचून दाखवणारी सून सासूला चालली असती, उलट विचारणारी चालली नाही. नवऱ्यानं दुसरी केली आणि शकुन मळ्यात परत आली. भावजया वाईट नव्हत्या, पण त्या घरातल्या भाकरीवर माझं नाव नव्हतं, असं बाई म्हणत.

अमरावतीला लहान मुलांच्या शिक्षिका तयार करणारा एक वर्ग निघाल्याचं कोणीतरी गोवर्धनच्या कानावर घातलं. तो मुलीला घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शेवंतीची टोपली बरोबर नेली. तिथल्या मुख्य लीलाबाईंनी ती टोपली सरळ बालवर्गातल्या पोरांच्या पुढ्यात ठेवली. पोरांनी पाकळ्या उपटल्या, वास घेतला, एकानं तर चावून पाहिलं. देवासाठी वाढवलेलं फूल साधं हुंगूही न देणारा गोवर्धन बघतच राहिला. पण मुलीला ठेवून आला, हे त्याचं मोठेपण.

शकुनला तिथलं सगळ्यात अवघड काय गेलं तर गप्प बसून बघणं. पोरगं मणी ओवताना चुकलं तरी हात लावायचा नाही, मारायचं तर नाहीच. जमिनीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं आणि ते काय करतं ते पाहायचं. याचा पगार देतात म्हणजे कमाल आहे, असं तिला आधी वाटलं. आणि सगळ्यात आवडलं काय, तर शांततेचा खेळ. पोरं डोळे मिटून बसत. लीलाबाई दाराआड जाऊन एकेकाचं नाव कुजबुजत आणि ज्याचं नाव येई ते चवड्यांवर चालत त्यांच्याकडे जाई. जन्मभर आदळआपट ऐकलेल्या त्या बाईला ती शांतता इतकी भावली की आपला वर्ग असाच असेल हे तिनं मनाशी धरून ठेवलं.

आमचा बालवर्ग काढणाऱ्या अकोल्याच्या मंडळानं शकुनबाईंना नेमलं ते होळीपर्यंतच. काम बरं दिसलं तर नोकरी कायम, नाही तर तिवशाची वाट. मंडळाचे केशवराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. माणूस सज्जन, पण शाळा म्हणजे शिस्त एवढंच त्यांना ठाऊक.

पहिल्या दिवशी ओसरीत आकांत झाला. आमच्यातल्या कोणीही आईला सोडून बसलेलं नव्हतं. एक रडलं की दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. पुजाऱ्यानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शकुनबाई घाबरल्या. आपलं शिक्षण पहिल्याच आठवड्यात मातीत जातं की काय, या भीतीनं त्या संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या आणि आयांना म्हणाल्या की रडणारं पोर ठेवता येणार नाही, शांत राहील तेच पाठवा.

आयांनी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवसापासून वर्ग शांत झाला. पोरं ठेवली तिथं बसत, मणी हातात दिले तर मणी धरून ठेवत. दुपारी तर पाखराचा आवाज यावा इतकी शांतता. बाईंना वाटलं, जमलं आपल्याला. केशवराव पाहायला आले आणि चपला काढून हळूच आत आले, इतका त्यांच्यावर परिणाम झाला. अशी शिस्त मला हायस्कुलातही आणता आली नाही, असं म्हणाले. बाईंनी तिवशाला निरोप धाडला की बहुतेक आता परत यावं लागणार नाही.

मग त्यांनी शांततेचा खेळ काढला. दाराआड गेल्या आणि नाव घेतलं, कौशल्या. म्हणजे मी. मी उठले नाही. दुसरं नाव घेतलं, तेही उठलं नाही. अमरावतीच्या पोरांची शांतता कशी होती ते त्यांना तेव्हा आठवलं. पायाची बोटं वळवळत, मिटलेल्या पापण्या थरथरत, ओठांत हसू दाबलेलं. इथं काहीच हलत नव्हतं. त्यांनी मला उचललं तर माझी मान त्यांच्या खांद्यावर पडली. तोंडाला गुळाचा वास, आणि त्याखाली दुसरा एक कडवट वास. तो त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचे आजे पंजाबराव सांधेदुखीसाठी अफू घेत.

भोंगा होईपर्यंत त्यांनी कशीबशी वाट पाहिली आणि तडक जिनाच्या फाटकावर गेल्या. माय केसांतली रुई झटकत बाहेर येत होती. बाईंनी तिला धरूनच विचारलं, पोरीला काय दिलं म्हणून. माय काही लपवणारी बाई नव्हती.

"आफू देल्ली. मशीनच्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हनून जिनात आनली तं चिमूटभर देतो. तुमच्याइथं मंग दिवसभर पुराले पायजे ना. तुमीच तं म्हनलं, रडनारं पोर ठेवत नाही."

बाई म्हणायच्या, त्या क्षणी धरणी दुभंगती तर बरं झालं असतं. पोरांना आयांनी निजवलं नव्हतं. बाईंच्या एका वाक्यानं निजवलं होतं. फाटकावर इतर बायाही थांबल्या होत्या. बाई वर्षभर अमरावतीला राहून शुद्ध बोलायला शिकल्या होत्या, ते सगळं बाजूला पडलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्यायले. मी रडनारंच पोर घेतो."

बोलणं सोपं, निभावणं कठीण. एका वैद्याला विचारून आयांनी अफू हळूहळू कमी केली. पोरं चिडचिडी झाली, नाकं वाहू लागली, कोणी ओकलं. आणि मग जी जागी झाली ती अशी की ओसरीला छप्पर आहे हे नशीब. मणी नाकात गेले, चिखलाचे हात देवळाच्या खांबांना लागले. मी म्हणे एका मुलाचा कान चावला. बाई जमिनीवर बसून बघत राहिल्या, आणि आपण शिकलो ते यासाठी, हे त्यांना तेव्हा कुठं कळलं. त्या मला म्हणाल्या होत्या, मी आयुष्यात इतकी दमले नाही आणि इतकी सुखातही नव्हते.

होळी आली. केशवराव मंडळाला घेऊन येणार होते. आदल्या संध्याकाळी माय आणि दोघी-तिघी बाईंकडे आल्या. चांगल्या मनानं आल्या होत्या. बाईची नोकरी राहावी एवढंच त्यांना हवं होतं.

"एकच दिवस देतो, बाई," माय म्हणाली. "एका दिवसानं पोरगी मरत नाही. तुमचं काम पक्कं होऊन जाईन."

शकुनबाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, म्हणून मला त्या जास्त जवळच्या वाटतात. तिवशाचा मळा, भावजयांची चूल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी मायचा हात धरला आणि नको म्हणाल्या.

मंडळ आलं. आम्ही जागे होतो. एकानं केशवरावांची काठी पळवली, दुसरा त्यांच्या उपरण्याला लोंबकळला. केशवरावांनी विचारलं, मागची शिस्त कुठं गेली? बाईंनी जे घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यही. केशवरावांना वाईट वाटलं होतं, यात शंका नाही. पण जाताना म्हणाले, यातला काही मधला मार्ग निघायला हवा होता, बाई. मंडळानं वर्ग बंद केला.

बाईंनी भाड्याच्या खोलीतलं सामान बांधलं. सकाळच्या मोटारीनं अमरावती आणि तिथून तिवसा. उजाडताच दार वाजलं. दारात माय, काखेत हातपाय झाडत ओरडणारी मी. माय मागं गल्लीत पाहत होती. तिच्यामागून आणखी बाया आपापली पोरं घेऊन येत होत्या. जिनाचा पहिला भोंगा झाला होता.

"वर्ग बंद झाला, माहीत हाय मले," माय म्हणाली. "पगार देनं आमच्यानं होत नाही. भाजी-भाकर पुरवू. पन बाई, इले आज काही देल्लं नाही. जागी हाय."

बाईंनी मला घेतलं. माय भोंग्यामागे धावली. मी म्हणे दुपारपर्यंत रडत होते.