सेलीन मावशींची पानगळ

ग्लेनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेऊन खिडकीशी उभी होते. बाहेर धुरकट, पांढरं ऊन होतं. काचेवर दमट हवेचा थर साचलेला, आणि त्यापलीकडचे टॉवर पाण्याखाली गेल्यासारखे दिसत होते. "आँटी, मम्मी सकाळी गेली. झोपेतच. वसईला," एवढंच तो म्हणाला. सेलीन मावशी, आमच्या समोरच्या दारातल्या शेजारीण, आता नाहीत, हे कळायच्या आधीच मला कुठूनतरी दालचिनीचा वास आला. त्याला आता काही आठवडे झाले.

नवऱ्याची अबूधाबीतली नोकरी गेली, तेव्हा अल रीम आयलंडवरचं समुद्र दिसणारं घर सोडून आम्ही दुबईत, अल मनखूलच्या या जुन्या इमारतीत आलो. इरा, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. तिला हे घर मुळीच आवडलं नव्हतं. कितीतरी महिने उलटल्यावरही ती घरी येऊ का विचारणाऱ्या मैत्रिणीला फोनवर "वुई आर स्टिल अनपॅकिंग" असं सांगत होती. मी दाराआडून ते ऐकलं, आणि आत न जाता तशीच परत फिरले. नवरा दिवसभर लॅपटॉपसमोर अर्ज भरत बसायचा. घरात एसीची घरघर तेवढी ऐकू यायची.

अशाच एका ऑक्टोबरातल्या संध्याकाळी इराला शाळेतून आणत होते. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये बदामाचं एक झाड आहे. त्याखाली गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक बाई वाकून लाल झालेली पानं वेचत होत्या. उन्हाळा सरला नव्हता, त्या घामाने निथळत होत्या. मी विचारलं, "काय करताय मावशी?"

"पानगळ घरी नेतेय," त्या म्हणाल्या. "इथे ती आपणहून येत नाही ना."

एका मोठ्या हॉटेलात समारंभांची सजावट करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दर ऑक्टोबरला तिथल्या लॉबीत खोके उघडायचे आणि प्लास्टिकची पानं, प्लास्टिकचे भोपळे मांडायचे. "दिसायचं छान. पण त्याला वास नव्हता, बाय. हात लावला तर आवाजही नाही." थंड देशांतली खरी पानगळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्यापासून त्या ती स्वतः करत होत्या. त्यांनी हातातली पिशवी सरळ इराच्या हातात दिली. इरा म्हणाली, "व्हॉट आर दीज फॉर?"

"तुझ्या घरासाठी. चल, दाखवते."

त्यानंतरच्या दुपारी आता आठवल्या की एकमेकींत विरघळून जातात... मावशींच्या बाल्कनीत उन्हात टाकलेल्या संत्र्याच्या चकत्या, काचेसारख्या आरपार झालेल्या. ग्रोसरीच्या खाकी पिशव्यांतून कापलेली पानं, चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातलेली. मावशींच्या जुन्या केशरी परकराचे भोपळे शिवले, पोटात वर्तमानपत्रं कोंबली आणि देठाच्या जागी दालचिनीची कांडी खोचली. विकत आणला तो फक्त सुतळीचा गुंडा. बदामाची पानं फडक्याखाली ठेवून इस्त्री करायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. तो लॅपटॉप मिटून जमिनीवर बसला, एकेक पान उचलून उजेडात धरू लागला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

माळा आमच्या हॉलभर लागल्या त्या दिवशी इरा म्हणाली, "कॅन आय कॉल माय फ्रेंड्स?"

मुली शनिवारी आल्या. पडद्यातून मधासारखं ऊन येत होतं, एसीच्या वाऱ्याने पानं एकमेकांवर घासत होती. सगळ्या मुली जमिनीवर उताण्या पडून वर बघत राहिल्या. एकीने विचारलं, हे कुठून विकत आणलं? "नो," इरा शांतपणे म्हणाली, "वुई मेड द फॉल." मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. एक घाणा माझ्या हातून करपला.

पुढे नवऱ्याला नोकरी लागली, मोठं घर घेता आलं असतं, पण इमारत सोडायचा विषय इराने कधी निघू दिला नाही. दरवर्षी दोन्ही घरांत पानगळ यायची. मग मावशींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुकट झालं. कात्री इराने स्वतःकडे घेतली. मावशी पान बोटांत धरून विचारायच्या, "हे कसलं?"

"रेड," इरा म्हणाली. मग थांबली. "नॉट रेड. लाइक... व्हेन यू क्लोज युअर आइज इन द सन."

मावशींनी ते पान गालाला लावलं. "हां, मग कळलं. ते मला अजून दिसतं."

ग्लेनची बदली अजमानला झाली. तिथे दिवसा मावशींजवळ कोणी नसतं, म्हणून त्यांनी वसईला बहिणीकडे जायचं, असं ठरलं. निघताना लिफ्टपाशी त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "तिकडे दारातच बदाम आहे गं. पण बहीण रोज सकाळी पानं झाडून टाकते," त्या हसल्या. "ऑक्टोबरात येते. इन्शाल्ला." इराने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

परवा ग्लेन फ्लॅट रिकामा करायला आला. फर्निचर आधीच गेलं होतं. गेल्या वर्षीच्या माळा तशाच होत्या, त्या आम्ही तिघांनी मिळून उतरवल्या. मागे भिंतीवर बारीक खिळ्यांची एक रांग उघडी पडली, बेडरूमच्या दारापासून बाल्कनीच्या खिडकीपर्यंत. इतक्या खाली खिळे कशाला, असं मी विचारलं.

"मम्मीला दिसेनासं झालं ना, तेव्हा तिने ते मारून घेतले," ग्लेन म्हणाला. "माळेला हात लावत लावत ती खिडकीपर्यंत यायची. मला म्हणायची, काठी नको, काठीला वास नाही."

इराने डोळे मिटले. दाराशी जाऊन पहिल्या खिळ्यावर बोट टेकवलं आणि एकेक चाचपत हळूहळू निघाली. ग्लेनने खिळे उपटायला पक्कड आणली होती. ती त्याच्या हातातच राहिली. इरा खिडकीशी पोहोचली, तिने कपाळ काचेला टेकवलं. रिकाम्या खोलीत ऊन पसरलं होतं.

ग्लेनने पक्कड खिशात घातली. "राहू दे," तो म्हणाला. "उद्या बघू."